मुलांचं बास्केटबॉल: खेळाडू आणि पालकांकडून आमच्या अपेक्षा, आणि तुमचे नेहमीचे प्रश्न

जूनमध्ये नवी तुकडी सुरू झाली की मैदानाच्या फाटकापाशी तेच प्रश्न पुन्हा येतात, तेही गाडी चालू ठेवून, घाईघाईत. प्रश्न महत्त्वाचे असतात आणि त्यांना फाटकापाशी धड उत्तर देता येत नाही, म्हणून उत्तरं इथे लिहिली आहेत. खेळण्याचा वेळ आणि पालकांचं वागणं या दोन विषयांवर मुद्दाम जास्त लिहिलं आहे, कारण मुलांचं मन मोडतं ते बहुतेक तिथेच. खेळणाऱ्या मुलांनीही हे वाचावं. लहान असतील तर घरी वाचून दाखवा.

कोणत्या वयाच्या मुलांना घेता? लहान मुलांना वेगळा चेंडू का?

आठ ते सोळा वर्षांची मुलं-मुली येतात. बारा वर्षांखालच्यांना ५ नंबरचा चेंडू, त्यापुढच्या मुलींना ६ आणि मुलांना ७. मोठ्यांची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर असते. जड चेंडू उंच रिंगपर्यंत पोचवायचा म्हटलं की आठ-नऊ वर्षांचं मूल तो कमरेपासून, अख्खं अंग वाकवून फेकतं. ती सवय एकदा लागली की पुढे काढणं फार कठीण जातं. वाढदिवसाला चेंडू घेणार असाल तर आधी नंबर विचारा. मुलगा पुढे वापरेल म्हणून मोठा चेंडू आत्ताच घेऊ नका.

बास्केटबॉल खेळल्याने उंची वाढते का?

नाही. उंची मुख्यतः आनुवंशिक असते, आणि वाढीच्या वयात आहार, झोप, तब्येत यांचा त्यावर परिणाम होतो. उंच मुलं या खेळात टिकतात आणि पुढे दिसतात, म्हणून खेळामुळे उंची आली असं वाटतं. उंची कमी आहे म्हणून मुलाला आणायला संकोच करणाऱ्यांनी मग्सी बोग्ज हे नाव लक्षात ठेवावं. पाच फूट तीन इंच उंचीचा हा खेळाडू एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत चौदा हंगाम खेळला. चेंडू हातात ठेवण्याचं कसब, नजर आणि पायांचा वेग उंचीवर अवलंबून नाही.

वेळेवर म्हणजे नक्की किती वाजता?

सरावाच्या दहा मिनिटं आधी, बुटांच्या नाड्या बांधून. सुरुवातीची धावपळ आणि अंग मोकळं करणं हा सरावाचाच भाग आहे. ते चुकवून थेट खेळात उतरलेल्या मुलाचा पाय मुरगळण्याची शक्यता जास्त. पुण्यात कर्वे रस्ता, नळ स्टॉप, सिंहगड रस्ता इथली संध्याकाळची वाहतूक आम्हालाही माहीत आहे. एखाद्या दिवशी उशीर होणारच. तेव्हा एक निरोप टाका, मूल आल्यावर त्याला वेगळं अंग मोकळं करायला लावून मग खेळात घेऊ. गणपतीत रस्ते बंद असतात, त्या दहा दिवसांचं वेळापत्रक वेगळं कळवलं जातं.

न्यायलाही वेळेवर या, ही कळकळीची विनंती. सगळे गेल्यावर अंधारात पिशवी घेऊन बसलेल्या मुलाला दहा मिनिटंसुद्धा फार मोठी वाटतात.

पावसाळ्यात काय?

ओल्या सिमेंटच्या मैदानावर आम्ही खेळवत नाही, पाऊस थांबलेला असला तरी. थांबून दिशा बदलणं हा या खेळाचा गाभा आहे, आणि निसरड्या जमिनीवर नेमका तिथेच गुडघा आणि घोटा जातो. संध्याकाळी साडेचारपर्यंत पालकांच्या गटावर निरोप येतो. मैदान बंद असेल तर बहुतेक वेळा छपराखाली पायांचा सराव, चेंडूवरचा हात आणि नियमांचा तास असतो. तो तास कमी महत्त्वाचा समजून मुलाला घरी ठेवू नका. चोवीस सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, आठ सेकंदांत चेंडू मधल्या रेषेपलीकडे न्यावा लागतो, प्रतिस्पर्ध्याच्या रिंगखालच्या रंगवलेल्या भागात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, हे मुलं तिथेच नीट शिकतात.

परीक्षा, शिकवणी, शिष्यवृत्ती... अभ्यास सांभाळून कसं जमवायचं?

अभ्यास पहिला, यात वाद नाही. अपेक्षा एकच: आधी सांगा. सहामाही किंवा शिष्यवृत्ती परीक्षा असेल तर दोन आठवडे आधी मुलाने स्वतः येऊन सांगावं, आपण त्याचे दिवस कमी करू. परीक्षेच्या काळात खेळ पूर्ण बंद करण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोन दिवस घाम गाळलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी दमून आलेलं मूल रात्री शांत झोपतं, आणि परीक्षेत झोपेची गरज सर्वांत जास्त असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते.

दहावीच्या वर्षी खेळाचे सवलतीचे गुण मिळतील का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. ते गुण शासनाच्या त्या वेळच्या नियमांनुसार, मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या सहभागावर किंवा यशावर मिळतात आणि अर्ज शाळेमार्फत जातो. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि त्यात मूल शाळेकडून उतरतं, आमच्याकडून नाही. प्रमाणपत्रं जपून ठेवा. फक्त गुणांसाठी नववीत मुलाला आणणार असाल तर मात्र आणू नका. त्याला खेळही येणार नाही आणि गुणही नाहीत.

माझ्या मुलाला सामन्यात कमी का खेळवता?

आधी हिशोब पाहू. नियमाप्रमाणे सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे चाळीस मिनिटांचा. मैदानावर एका वेळी पाच जण. म्हणजे वाटायला एकूण दोनशे मिनिटं. संघात बारा मुलं असतील तर अगदी काटेकोर समान वाटणीतही प्रत्येकाच्या वाट्याला सतरा मिनिटंसुद्धा येत नाहीत. लहान गटांचे सामने यापेक्षा छोटे असतात. त्यामुळे ‘माझा मुलगा अर्धा वेळ बसून होता’ ही तक्रार असते तेव्हा त्याला सहसा त्याच्या वाट्यापेक्षा जास्तच मिळालेलं असतं.

आता वाटणी कशी होते ते. बारा वर्षांखाली सगळी मुलं प्रत्येक सामन्यात खेळतात, जवळजवळ सारखी. हरलो तरी हा नियम बदलत नाही. दहा वर्षांच्या मुलांचा एक सामना जिंकण्यासाठी तिघांना बसवून ठेवलं तर तिघंही पुढच्या वर्षी येत नाहीत, आणि त्यातलं कोण पंधराव्या वर्षी उत्तम खेळलं असतं हे त्या वयात कुणालाच सांगता येत नाही. बारा ते चौदा या गटात प्रत्येकाला खेळायला मिळतंच, पण शेवटच्या दहा मिनिटांत कोण असेल हे प्रशिक्षक ठरवतात. पंधरानंतर वेळ कमवावा लागतो. सरावाची हजेरी, डिफेन्समध्ये, म्हणजे समोरच्या संघाला अडवताना, घेतलेली मेहनत आणि सोबत्यांशी वागणं आम्ही पाहतो, नुसते पॉइंट नाहीत. ज्याने सोबत्याला चुकवून आलेला खेळाडू अडवला, सैल चेंडूवर झेप घेतली, त्याचं नाव स्कोअरशीटवर येत नाही. आमच्या वहीत येतं.

तरीही शंका असेल तर जरूर विचारा, फक्त रीत पाळा. बारा वर्षांपुढच्या मुलाने आधी स्वतः विचारावं: ‘सर, मला जास्त वेळ मिळण्यासाठी काय सुधारायला हवं?’ हा प्रश्न मोठ्या माणसासमोर उभं राहून विचारता येणं ही स्वतंत्र शिकवण आहे, ती त्याच्याकडून हिरावून घेऊ नका. समाधान झालं नाही तर पालकांनी भेटावं, पण सामन्याच्या दिवशी नाही. एक रात्र जाऊ द्या. आणि भेटीत दुसऱ्या मुलाचं नाव काढायचं नाही. ‘त्याला का आणि याला का नाही’ या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नाही, कारण तो दुसराही कुणाचा तरी मुलगा आहे.

बाजूला उभं राहून मुलाला सूचना दिल्या तर काय बिघडलं? मी स्वतः कॉलेजात खेळलोय.

तुम्ही खेळलात याचा आनंद आहे, आणि शनिवारी सकाळी सोसायटीच्या अंगणात त्याच्याशी जरूर खेळा. सामन्यात मात्र बोलू नका. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात चेंडू आहे, समोर दोघी अंगावर आल्या आहेत, डावीकडे मैत्रीण हात वर करून मोकळी उभी आहे. तिच्याकडे विचार करायला फार तर दोन सेकंद आहेत. त्याच क्षणी बाजूने बाबा ओरडतात, ‘मार, मार!’ बाकावरून प्रशिक्षक ताई म्हणतात, ‘पास!’ ती मैदानाकडे बघायची सोडून बाबांकडे बघते. चेंडू जातो. दोष तिचा ठरतो, आणि तिच्या हातून गेलेली खरी गोष्ट म्हणजे स्वतः बघून ठरवण्याची संधी. बास्केटबॉल हा बघून ठरवण्याचा खेळ आहे. तो एकदा उधार डोक्याने खेळायची सवय लागली की कितीही सराव केला तरी भरून निघत नाही.

टाळ्या वाजवा, नावाने हाक मारा, आपल्या आणि समोरच्या संघाच्याही चांगल्या खेळाला दाद द्या. आजी-आजोबा आले असतील तर त्यांच्याकडून शिका. कोण जिंकतंय याची त्यांना फारशी फिकीर नसते, नातू धावताना दिसला की त्यांना पुरतं, आणि मुलंही त्यांच्यासमोर सर्वांत मोकळी खेळतात.

पंचांविषयी वेगळं सांगते. आपल्या छोट्या गटांच्या सामन्यांना बऱ्याचदा सतरा-अठरा वर्षांची, नुकतं पंचगिरी शिकणारी मुलं शिट्टी वाजवतात. त्यांच्याकडून चुका होतात. त्यांच्यावर ओरडणाऱ्या पालकाला आम्ही एकदा शांतपणे सांगतो, दुसऱ्यांदा मैदानाबाहेर जायला सांगतो. हे सगळ्यांना लागू आहे. दाद मागायची तर ती प्रशिक्षक किंवा कर्णधारामार्फत, तीही नियमांत बसेल तेवढीच.

सामना संपल्यावर घरी जाताना काय बोलावं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण मला याचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं वाटतं. खेळ सोडलेल्या मोठ्या मुलांशी बोलताना सराव जड होता असं क्वचित ऐकू येतं. ‘गाडीवर बसल्यावर बाबा सुरू व्हायचे’ हे वारंवार ऐकू येतं. फ्री थ्रो चुकले ते त्याला माहीत आहे. पाचवा फाउल झाला आणि बाहेर बसावं लागलं, तेही माहीत आहे. तुम्ही पुढच्या सीटवर असता आणि त्याला उतरून जाता येत नाही. त्या वेळी केलेलं विश्लेषण त्याच्या कानात शिक्षेसारखं शिरतं.

‘भूक लागली का?’ विचारा. ‘तुला खेळताना बघायला मजा आली,’ असं सांगा, आणि खरंच आली असेल तरच सांगा. मग गप्प बसा. मूल स्वतःहून सामन्याबद्दल बोलायला लागलं तर ऐका, मध्ये सुधारणा घालू नका. रडत असेल तर रडू द्या. घरी पोचल्यावर, जेवण झाल्यावर त्यानेच विषय काढला आणि मत विचारलं, तर एकच गोष्ट सांगा. बाकीच्या आमच्यावर सोडा.

खेळाडूंकडून काय अपेक्षा आहेत?

हे मुलांसाठी आहे. सराव सुरू झाल्यावर फोन पिशवीत. चेंडू पायाने ढकलायचा नाही. सामन्यात चेंडू मुद्दाम पायाने मारणं नियमानेही चूक आहे, आणि ज्या वस्तूने आपण शिकतो तिला पाय लावायचा नाही हे तुम्हाला घरी शिकवलेलंच आहे. सराव संपला की चेंडू गोळा करणं हे सगळ्यांचं काम आहे, नवीन आलेल्यांचं एकट्याचं नाही. बाकावर बसलात तरी तुम्ही सामन्यात आहात. सोबत्याने चांगला पास दिला, तुम्ही बास्केट केलं, तर त्याच्याकडे बोट दाखवा. चूक झाली तर खाली मान घालून उभं राहू नका, धावत डिफेन्सला जा. कुणाच्या रंगावरून, वजनावरून, जातीवरून, बोलण्यावरून चिडवलं तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो आणि घरी फोन जातो.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, आता बंद करावं का?

कृपया करू नका. नेमकं याच वयात मुली खेळ सोडतात, आणि कारण बहुतेक वेळा त्यांचं नसतं, घरातल्या मोठ्यांचं असतं. बारापर्यंत मुलं-मुली एकत्र खेळतात, नंतर मुलींचा वेगळा गट आहे आणि त्यांच्यासोबत ताई असतात. कपडे बदलायला वेगळी खोली आहे. पाळीच्या दिवसांत खेळलं तर अपाय होत नाही. तिला बरं वाटत असेल तर खेळावं, पोट दुखत असेल तर बसावं, आणि ते ताईंना सांगायला लाजू नये. ताईंच्या पिशवीत पॅड कायम असतात. भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली शिरीन लिमये पुण्याचीच आहे. तिचं नाव मुलींच्या गटात वारंवार निघतं, आणि ते निघायलाच हवं.

दुखापत झाली तर?

घोटा मुरगळणं सर्वांत जास्त वेळा होतं. खेळ लगेच थांबतो, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, हलकी पट्टी, पाय उंचावर. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर डॉक्टर आणि एक्स-रे. ताज्या मुरगळीला तेल लावून चोळू नका, घरात कितीही आग्रह झाला तरी. सूज वाढते.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी पुन्हा खेळणं नाही, मूल कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणालं तरी. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. परत खेळायला येताना डॉक्टरांची चिठ्ठी लागेल.

दहा ते पंधरा वर्षांत, उंची झपाट्याने वाढताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं बरंच आढळतं. ते नाटक नसतं. उड्या कमी करायच्या, डॉक्टरांना दाखवायचं, आणि आम्हाला सांगायचं.

खाऊन यावं का? बूट कोणते घ्यावेत?

सरावाच्या दीड-दोन तास आधी पोहे, थालीपीठ, पोळी-भाजी असं काहीही चालेल. अगदी आधी केळं किंवा राजगिऱ्याची चिक्की. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. रंगीत पेयांची गरज नाही, उन्हाळ्यात घरचं लिंबू सरबत उत्तम.

बूट मापाचे हवेत, पुढच्या वर्षी बसतील असे मोठे नकोत. धावण्याचे बूट आडव्या हालचालींना आधार देत नाहीत. आपल्या सिमेंटवर तळवे लवकर झिजतात, तेव्हा महागडी जोडी घेण्याआधी विचार करा, आणि तळ गुळगुळीत झाला की बदला.

तो पोहायलाही जातो, खो-खोही खेळतो. एकच खेळ धरायला हवा ना?

घाई नको. अमेरिकेत एनबीए आणि तिथल्या बास्केटबॉल संघटनेने २०१६मध्ये मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही किमान चौदा वर्षांपर्यंत एकाच खेळात अडकवू नका असंच सांगितलं आहे. खो-खो खेळलेल्या मुलांचे पाय डिफेन्समध्ये ओळखू येतात. सगळे खेळ मिळून आठवड्याचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त होऊ देऊ नका. दहा वर्षांचं मूल असेल तर दहा तास.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी काय नियम आहेत?

कोणताही प्रशिक्षक मुलाला खासगी निरोप पाठवत नाही. सगळं गटावर, जिथे पालक असतात. बाहेरगावच्या स्पर्धेला किमान दोन मोठी माणसं, मुलींच्या संघासोबत एक स्त्री हवीच. बंद खोलीत एकट्या मुलाशी बोलणं नाही. इतर मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना न विचारता कुठेही टाकू नका. काही खटकलं तर तेव्हाच बोला. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर ती कळवणं बंधनकारक आहे, आणि ते आमच्यावर जितकं आहे तितकंच तुमच्यावर. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ हवा.

वयाचा दाखला एवढा कडक का?

मूळ जन्मदाखला पाहिल्याशिवाय आम्ही स्पर्धेत नाव देत नाही. ‘एक वर्ष कमी लावलं तर निवड होईल’ असं सुचवणारे भेटतात. ते करणार नाही. सोळा वर्षांचा मुलगा चौदाच्या गटात उतरतो तेव्हा समोरच्या एका खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा जाते, आणि खोटं वय त्याच्या स्वतःच्या सगळ्या कागदपत्रांना कायमचं चिकटतं.

निवड चाचणीत नाव आलं नाही. आणि मूल आता नको म्हणतंय. काय करू?

आधी चार-पाच दिवस जाऊ द्या. नाव न आल्याचं दुःख आणि खेळाचा कंटाळा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या दिवशी त्या सारख्याच दिसतात. मुलाने येऊन प्रशिक्षकांना भेटावं. निवड का झाली नाही हे त्याला कारणासह सांगितलं जाईल आणि पुढच्या तीन महिन्यांत कशावर काम करायचं ते वहीत लिहून दिलं जाईल. त्यानंतरही नको वाटलं तर हंगाम पूर्ण करून थांबावं, कारण संघातले बाकीचे त्याच्या भरवशावर आहेत. मात्र मूल घाबरून किंवा कुणाच्या त्रासामुळे नको म्हणत असेल तर हंगामाची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा. थांबलेल्या मुलाची जागा एक वर्ष राखून ठेवतो. परत यायचं झालं तर नव्याने प्रवेश फी लागत नाही.